दांडाचं धोतर

मेहकरात लोक मला चिकट म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तोंडावर म्हणत नाहीत, कारण त्यांची पोरं माझ्या वर्गात आहेत आणि छडी माझ्या हातात आहे. पण मी चिकट नाही. चिकट माणूस वस्तू वापरतच नाही. मी वापरतो, फक्त ती संपली असं बाकीच्यांना वाटल्यावरही वापरतो. आगकाडी मी पात्यानं उभी चिरून एकीच्या दोन करतो. साबणाची चिप उरली की ती नव्या वडीच्या पाठीवर दाबून बसवतो. कोट झिजला तेव्हा शिंप्याकडून उलटवून घेतला. आतली बाजू बाहेर आली आणि कोट पुन्हा नवा झाला. वरचा खिसा तेवढा डावीकडून उजवीकडे गेला. शाळेतले सोबती त्यावरून हसतात, पण त्यांचे कोट फाटले आणि माझा आहे, हे ते विसरतात.

आणि माझा पुडीचा दोरा. वाण्याकडून साखर, जिरं, सुपारी जे काही येतं त्या पुडीला दोरा असतो. लोक तो तोडून फेकतात. मी गाठ सोडवतो, दोरा सरळ करतो आणि गुंडीवर चढवतो. गुंडी मोठ्या कवठाएवढी झाली होती. आमच्या अन्नपूर्णाबाई, म्हणजे आमचं कुटुंब, ती गुंडी फडताळातून दर दिवाळीला बाहेर काढत आणि विचारत, "ह्या दोऱ्यानं बांधनार तरी काय तुमी? हत्ती?" मी उत्तर देत नसे. काटकसरीची वस्तू आपलं उत्तर आपणच देते, अशी माझी श्रद्धा होती. दिलं तिनं उत्तर. तेच सांगतो.

तिकडे जर्मन-जपानची लढाई चालली होती आणि इकडे वऱ्हाडात कापड मिळेनासं झालं होतं. ज्या वऱ्हाडाच्या कापसावर गिरण्या चालतात, त्या वऱ्हाडात मास्तराला धोतर नाही, यावर मी एक निबंध वर्गाला लिहायला देणार होतो, पण हेडमास्तर नको म्हणाले. अशा दिवसांत माझे मावसभाऊ उकंडराव जानेफळचं स्थळ घेऊन आले. भगवंतराव म्हणून बागायतदार, त्यांचा मुलगा पंजाबराव. मुलानं आमच्या रुख्मिणीला पाहिलं, पसंत केलं, पत्रिका जुळली. आता फक्त तिथी ठरवायला मी जानेफळला जायचं होतं.

रुख्मिणी मराठी सातवीत होती. मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत टिकलेल्या मुली फारच थोड्या, आणि त्यांत ही पहिली. तिची परीक्षा चैत्रात. मी तिथी ठरवायला जाणार हे कळलं त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, लगनाले माह्यं नाही नाही. पन परीक्षेच्या आंधी नका धरू. लगन झाल्यावर कोन परीक्षेले बसू देते? तेवढं बोलसान ना तथी?"

"बोलीन ना," मी म्हणालो. "बापच हाय मी."

म्हणालो खरा. पण मी चाळीस पोरांसमोर जितका बोलतो तितकाच चार मोठ्या माणसांसमोर गप्प होतो. हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मला माहीत होतं.

आता धोतर. माझी धोतरं दोन. एकाला पुढून ठिगळ होतं, दुसरं बसून बसून मागं इतकं विरळ झालं होतं की त्यातून पीठ चाळता आलं असतं. व्याह्याच्या दारी यांतलं कुठलंच चालण्यासारखं नव्हतं. लग्नघराला कापडाचं जादा परमिट मिळतं असं कळल्यावरून मी तहसिलीत गेलो. कारकुनानं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"लगन ठरल्याचा दाखला आना. मुलाकडच्या पटवाऱ्याचा."

"लग्न ठरवायलाच धोतर पाहिजे," मी म्हणालो.

"ठरवाले भेटत नाई. ठरल्यावर भेटते."

"पण धोतर नेसल्याशिवाय ठरवायला जाऊ कसा?"

"थे कानूनात नाई जी," असं म्हणून त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली. तो पुढचा माणूस माझाच जुना विद्यार्थी निघाला आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं मला वाकून नमस्कार केला. त्या वेळी तो केला नसता तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी झाली. शेजारचे रंगराव स्वतःचं धोतर घेऊन आले. माणूस दिलदार, पण माझ्या खांद्याला लागतो. त्यांचं धोतर मला गुडघ्याच्या वर आलं. अन्नपूर्णाबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. मग रंगरावांनी सल्ला दिला, "मास्तर, हेच तुमचं इरलेलं नेसा. वरून लांब कोट हायच ना? कोट काढूच नका. झाकली मूठ सव्वा लाखाची."

पण अन्नपूर्णाबाईंना तो धोका पत्करायचा नव्हता. त्या म्हणाल्या, "दांड भरा त्याले."

दांड भरणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरी नवी कापडं येतात त्यांना सांगायला हवं. लुगडं किंवा धोतर मधोमध विरतं, कारण माणूस मधोमधच बसतो. टोकं मात्र धड असतात. मग विरलेला मधला भाग कापून टाकायचा, आणि धड टोकं मध्ये आणून एकमेकांना शिवायची. धोतर थोडं आखूड होतं, पण पुन्हा दोन वर्षं चालतं. शिवण मात्र नेमकी बसायच्या जागी येते. सगळी भिस्त त्या एका शिवणीवर असते.

"रीळ आना," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. लढाईमुळे दोऱ्याचं रीळसुद्धा सोन्याच्या मोलाचं झालं होतं. मी उठलो, फडताळ उघडलं आणि पुडीच्या दोऱ्याची गुंडी रुख्मिणीच्या पुढ्यात ठेवली. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला अभिमान हाच शब्द आहे.

रुख्मिणीनं दोऱ्याचं टोक बोटांत पिळून पाहिलं. "बाबा, हा एकपदरी हाय. कच्चा. वजन नाई झेलत."

"शेरभर साखर झेलते ना पुडीत?"

"साखर मांडी घालून बसत नाई, बाबा."

मी तिला उद्योग आणि काटकसर या विषयावर बराच वेळ सांगितलं. ती मुकाट्यानं शिवत राहिली. टाके बारीक आणि एकसारखे होते. शेवटची गाठ मारून तिनं धोतर माझ्या हातात दिलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "बोलसान ना?"

मेहकरहून जानेफळला जाणारी मोटर तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायची. उतारावर ती मोटर होती, चढावर ती आमची जबाबदारी होती. पहिल्याच चढाला सगळे उतरले आणि ढकलू लागले. मी मोटरीच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

"ओ मास्तर," मोटरवाला ओरडला, "आशीर्वाद देऊन राह्यले का गाडीले? लावा ना जोर."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. बरोबर आलेल्या उकंडरावांनी डोळे वटारले. मी जोर लावला. मोटर हलली, आणि माझ्या मागं कुठंतरी 'पुट्' झालं. आत बसल्यावर मी कोटाखालून हात घालून चाचपलं. शिवणीत एक बोट गेलं. फक्त एकच बोट. एका बोटानं काय होतं, असं मनाशी म्हणत मी उरलेला रस्ता एका बाजूवर बसून काढला.

भगवंतराव ओसरीत उभेच होते. उंच, रुंद, डोक्याला फेटा, अंगात बंडी, पांढऱ्या झुबकेदार मिशा. ओसरीवर जाजम अंथरलेलं, गावातली चार वडीलधारी माणसं टेकलेली. पानं वाढायची तयारी होती. आतल्या दाराशी झुंबरबाई, म्हणजे विहीणबाई, पदर सावरून उभ्या होत्या.

"कोट काढा जी," भगवंतराव म्हणाले. "जेवाले बसू."

"असू द्या, असू द्या," मी म्हणालो.

"कोट घालून कोन जेवते? कचेरी हाय का हे?" सगळे हसले. तेवढ्यात खुद्द जावईबापू, पंजाबराव, पुढं आले आणि मोठ्या आदरानं त्यांनी माझा कोट अंगावरून उतरवला. भावी जावयाशी झोंबाझोंबी करता येत नाही. त्यांनी तो समोरच्या भिंतीच्या खुंटीला नेऊन टांगला. त्या खुंटीकडे मी ज्या नजरेनं पाहिलं तसं चातकानं ढगाकडे पाहिलं नसेल.

मी भिंतीला पाठ लावून सरकत सरकत माझ्या पाटापर्यंत गेलो. उकंडराव कुजबुजले, "असं खेकड्यावानी काऊन चालता?" भगवंतराव माझ्या समोरच्या पाटावर बसत होते, मीही बसलो. बसता बसता कापड फाटल्याचे दोन आवाज झाले, एक लहान आणि एक चांगला मोठा. हळूच हात मागं नेला. आता बोट नाही, अख्खा पंजा गेला. पाटाचं गार लाकूड मला जिथं कळू नये तिथं कळत होतं.

विस्तवावर भाजलेले कणकेचे रोडगे होते, वांग्याची भाजी होती, त्यावर तुपाची धार होती. मला काही गोड लागेना. आता हे सगळे हात धुवायला उठतील आणि मी उठणार कसा, एवढं एकच डोक्यात होतं. उठलो तर रुख्मिणीच्या सासरी तिच्या बापाची जन्मभराची ओळख ठरून जाणार. मी हात ताटातच धुतला. वाईट चाल आहे, मी पोरांना त्याबद्दल मारलेलं आहे. पण भगवंतराव मोठ्या मनाचे. त्यांनीही पाण्याचा तांब्या मागवला आणि ताटातच हात धुतला. पाहुण्याला लाज वाटू नये म्हणून माणूस किती करतो, असं वाटून माझे डोळे भरून आले.

ताटं उचलली गेली, पान-सुपारी फिरली. उकंडरावांनी विषय काढला.

"मंग तिथी?"

"फागुनात माह्या पुतनीचं लगन हाय," भगवंतराव सावकाश म्हणाले. "मांडव पडनारच हाय. त्याच मांडवात आपलंही उरकून घेऊ. एक मांडव, एक वाजंत्री, एक आचारी. मास्तर तुमचाही खर्च वाचला, माह्याही."

याहून सुंदर योजना मी जन्मात ऐकली नव्हती. हीच कल्पना माझ्या डोक्यात यायला हवी होती. काटकसरीच्या शास्त्रात मी ज्याला गुरू मानावं असा माणूस समोर बसला होता, आणि तो मला फाल्गुन म्हणत होता, आणि परीक्षा चैत्रात होती. रुख्मिणीचा चेहरा समोर आला. बोलावं म्हणून तोंड उघडलं तर आतून नुसतं 'हं' एवढंच बाहेर पडलं.

"मास्तर हो म्हनले," उकंडरावांनी टाळी वाजवली. "उठा जी दोघंही. घ्या भेट."

आमच्याकडे बोलणी पक्की झाली की दोन्ही व्याह्यांनी भर बैठकीत उठून एकमेकांना छातीशी धरायचं असतं. ती भेट झाली की शब्द पक्का झाला, मग तो कोणाच्या बापाला मोडता येत नाही. बसल्या बसल्या ती होत नाही. सगळी बैठक आमच्याकडे पाहू लागली.

मी उठलो नाही. काय सांगावं ते सुचेना, आणि न उठायला चारचौघांत सांगण्यासारखं जे एकच कारण जवळ होतं ते तोंडातून निघून गेलं.

"फागुनात नाही. पोरीची चैतात परीक्षा हाय. थे झाल्याबिगर मी उठत नाई."

वडीलधाऱ्यांतला एक खाकरला. उकंडराव माझ्या कानाशी लागले, "काय करून राह्यले? मांडवाचा खर्च वाचून राह्यला, अन् तुमी, तुमी नाही म्हनता?" त्यांना माझी तब्येत बिघडल्याची शंका आली असावी.

पण नवल असं की भगवंतरावही उठले नाहीत. पाटावर घट्ट मांडी घालून, मिशीवर हात ठेवून, माझ्याकडे एकटक पाहत बसून राहिले. केवढा निग्रही माणूस, मी मनात म्हणालो. उन्हं ओसरीच्या कडेवरून आत आली. चहा आला. बाहेर ओट्याशी चार माणसं जमली, मग दहा जमली. "मेहकरचे मास्तर धरनं धरून बसले," असं कोणीतरी कुणाला तरी सांगत होतं. परतीच्या मोटरीची वेळ जवळ येऊ लागली. माझे पाय बधिर झाले होते, आणि मानेवरून घामाची धार शिवणीच्या दिशेनं चालली होती.

शेवटी भगवंतरावांनी सुस्कारा सोडला. "हाव. परीक्षा होऊ द्या. बैसाखात करू. झालं?"

"झालं," उकंडराव ओरडलेच. "आता उठा."

आता कारण उरलं नव्हतं. सगळे आमच्याकडे पाहत होते. मी जाजमाकडे पाहत होतो. जीव मुठीत धरून मी आणखी एक कारण शोधलं. "अन् पास झाली तं, पुढं मास्तरनीचं शिक्षन घ्यायचं तिच्या मनात हाय. थेही घेऊ द्या लागन."

"घेऊ द्या," भगवंतराव तात्काळ म्हणाले.

इतक्या तात्काळ मान्य होईल असं मला वाटलं नव्हतं. आता माझ्याजवळ मागायला काहीही उरलं नव्हतं. तरी मी उठलो नाही. आणि भगवंतरावही उठले नाहीत. सगळं मान्य झालेलं, कुणाची हरकत नाही, आणि दोन बाप समोरासमोर मान खाली घालून बसलेले. उकंडराव एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत आणि कपाळावर हात मारून घेत.

आतल्या दारातून झुंबरबाई बाहेर आल्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बैठकीला म्हणाल्या, "बाप्पेहो, सारे जरा भाईर व्हा." बाई ज्या आवाजात बोलल्या त्या आवाजाला कुणी का म्हणून विचारलं नाही. पंजाबरावांसकट सगळे बाहेर गेले. बाईंनी आतून दोन गोधड्या आणल्या. एक भगवंतरावांच्या मांडीवर टाकली, एक माझ्या.

"सकायपासून सांगून राह्यले ह्यायले," त्या मला म्हणाल्या, "दांडाचं हाय, जपून बसा म्हनून. तं बसले धपकन. तुमचं कुठून उसवलं जी?"

मी भगवंतरावांकडे पाहिलं. भगवंतराव माझ्याकडे पाहत होते. जेवायला बसताना झालेल्या दोन आवाजांपैकी तो मोठा आवाज माझा नव्हताच.

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते खोटं नाही. आम्ही दोघंही गोधड्या गुंडाळून बसलो, धोतरं आत गेली. झुंबरबाई दारातच बसून शिवू लागल्या. माझ्या धोतरातला एक धागा त्यांनी ओढून उजेडात धरला. "टाके लय बारीक हाय. पोरीनं घातले? दोरा मातर कुठला घेतला हा?" मी खुंटीवरच्या कोटाकडे पाहत राहिलो.

भगवंतराव तोवर हसायला लागले होते. हसता हसता त्यांना काही सुचलं आणि ते थांबले. "म्हंजे मास्तर, थे परीक्षेचं धोतरापायी बोलले तुमी. उठता येईना म्हनून."

मी गोधडी आणखी घट्ट गुंडाळून घेतली.

"मंग अट गेली," ते समाधानानं म्हणाले. "फागुनातच करू. मांडव वाचते."

दिवसभराची सगळी लाज सोसली ती फुकट गेली. झुंबरबाईंनी दोन्ही धोतरं आणून दिली. काळ्या जाड दोऱ्यानं शिवली होती, ती कधी उसवतील असं वाटत नव्हतं. आम्ही नेसलो. उकंडराव आणि मंडळी आत आली. भगवंतराव ऐटीत उठून उभे राहिले, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "या मास्तर, भेटा."

आता माझं धोतर धड होतं. उठायला कसलीच हरकत नव्हती. उठलो की फाल्गुन पक्का.

मी मांडी घातली आणि बसून राहिलो.

"आता काय झालं?" भगवंतराव खाली वाकून पुटपुटले. "पुन्हा उसवलं?"

"नाही," मी म्हणालो. आवाज कापत होता, पण निघाला. "धोतर धड हाय, तुमच्या घरच्या दोऱ्याचं हाय. मंघाशी उठता येत नोतं म्हनून बसलो होतो. आता बसलो हाय. पोरीची परीक्षा होईन, मंगच लगन होईन. तिले शब्द देऊन आलो मी."

भगवंतराव हात पसरून तसेच उभे. मला वाटलं स्थळ गेलं, आणि वाईट वाटलं, पण उठावंसं वाटलं नाही. मग दारातून झुंबरबाईंचा आवाज आला, "उभे काऊन राह्यले? आता थे खरे बसले हाय. मांडव दुसरा घालू."

भगवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि दुसऱ्या मांडवाचा खर्च त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मला स्पष्ट दिसला. त्या बाबतीत माझी त्यांना पूर्ण सहानुभूती होती. "बैसाखात," ते म्हणाले. मी उठलो. आम्ही भेटलो, आणि भेटताना दोघांनीही एकेक हात मागं नेऊन चाचपून पाहिलं.

घरी आलो तेव्हा दिवेलागण होत होती. रुख्मिणी दिव्याची काच पुसत होती. मी धोतर बदललं तेव्हा ते तिनं उचललं, मधली शिवण उलटी करून पाहिली. पुडीचा दोरा जाऊन काळा दोरा आलेला होता.

"कोनाचे टाके हे?"

"तुह्या सासूचे."

तिनं त्या शिवणीवरून बोट फिरवलं. "अन् तुमी बोलले, बाबा?"

"बोललो."

तिनं दोन्ही हातांनी शिवण जोरानं ओढून पाहिली. ती जागची हलली नाही. मग तिनं धोतराची घडी केली, फडताळातली माझी गुंडी काढली, हात-दोन हात दोरा तोडून घेतला आणि सातवीची पुस्तकं त्यानं बांधून ठेवली. पुस्तकं बांधायला तो दोरा चांगला होता.